पडलेला बॉल कुणाच्या नावावर?

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, अमिरातीत सोमवारी पहाटे साडेतीनला सुरू होतो. अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ असते, घरोघरी पाहुणे जमलेले असतात. इथे शारजात त्याच सुमाराला कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसं गोळा करायला निघतात. हंगामातले रविवारचे साधे सामने त्या मानानं सोयीचे, थंडीत ते रात्री दहाला लागतात. २०२२ पासून इथे रविवारचीही सुट्टी आली, त्यामुळे रविवारी दुपारी जरा आडवं होऊन रात्रीचा सामना बघणं जमतं. सोमवारी ऑफिसात डोळे चुरचुरतात, तेवढी किंमत मोजायची.

अल नहदातल्या आमच्या मजल्यावर हा खेळ बघणारं घर एकच, ते मामांचं. सगळी बिल्डिंग त्यांना मामाच म्हणते. मूळचे इचलकरंजीचे, जेबेल अलीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेले, तरुणपणी जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेले. या अमेरिकन फुटबॉलचं वेड त्यांना त्यांच्या भाचीनं लावलं. ती फिलाडेल्फियात शिकायला गेली, तिथल्या ईगल्स संघाची झाली, आणि नोकरीसाठी दुबईत उतरली ती ईगल्सची हिरवी टोपी घालूनच. रविवारी ती मामांकडे जेवायला येते. जेवण हे निमित्त. मी शेजारी, त्यामुळे तिसरा. मला खेळ अर्धामुर्धाच कळतो. भांडण मात्र पूर्ण कळतं.

त्या रात्री कुठल्याशा सामन्यात क्वार्टरबॅकनं शेजारून धावत निघालेल्या गड्याच्या पोटाशी बॉल द्यायला हात केला आणि बॉल दोघांच्या मधून खाली पडला. समोरच्या संघातल्या एका धिप्पाड गड्यानं त्यावर अंग टाकलं.

"काढा याला बाहेर," भाची म्हणाली. "भरवशाचा नाहीच हा. साधा हँडऑफ देता येत नाही, तो कसला क्वार्टरबॅक?"

"दिला होता की त्यानं," मामा म्हणाले. "घेणाऱ्याचं काय?"

झालं. त्यानंतर टीव्हीवर सामना नुसता चालू होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक चालीची सुरुवात सेंटर करतो. तो वाकून बॉल दोन्ही पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. क्वार्टरबॅक तो घेतो. मग तो बॉल पुढे फेकतो, स्वतः घेऊन पळतो, नाहीतर रनिंग बॅकच्या हाती सोपवतो. हे सोपवणं म्हणजे हँडऑफ. पुढे फेकलेला पास कुणी न झेलता जमिनीवर पडला तर चाल तिथेच संपते, एक संधी वाया जाते, बस. पण हातातून बॉल निसटला तर तो फंबल, आणि मग तो उचलेल त्याचा. म्हणजे लांब फेकण्यातली चूक अनेकदा माफ होते आणि हातभर अंतरावर देण्यातली चूक सामना घालवू शकते. हा उलटा हिशेब लक्षात आला की या मामा-भाचीचा वाद कशावर आहे ते कळतं.

"देणं सोपं वाटतं ना तुम्हाला? उठा," भाचीनं दिवाणावरची लांबट उशी उचलली.

मामा उठले. पायजमा वर खोचला आणि झेल घ्यायला उभे राहतात तसे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

"हात पुढे नाही करायचे. बॉल मागायचाच नाही. माझ्या बाजूचं कोपर वर घ्या, हात छातीसमोर आडवा. दुसरा हात बेंबीपाशी, तळवा वरच्या बाजूला. मधे जी जागा राहते तिथे मी उशी ठेवणार. लागली की दोन्ही हात मिटायचे. आणि बघायचं समोर, माझ्याकडे नाही."

"न बघता घ्यायची?"

"न बघता. तुमचं लक्ष समोरच्या फटीवर पाहिजे. बघायचं काम माझं. मी तुमच्या पोटाकडे बघून ठेवते."

दोघांनी बाल्कनीच्या दारापासून फ्रिजपर्यंत बरीच ये-जा केली. मामा चांगले चपळ निघाले. उजवीकडून धावताना उशी बिनबोभाट पोटात जात होती. मग भाची न सांगता दुसऱ्या बाजूनं वळली. मामांचं कोपर सवयीनं आधीचंच वर राहिलं, तिच्या बाजूचं खाली, आणि उशी त्या कोपरावर आपटून टीपॉयवरच्या करक चहाच्या कपात गेली.

आतून मामींचा आवाज आला, "गालिच्यावर सांडलं असेल तर दोघांनी मिळून धुवायचा."

मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निकाल तोच होता. पण तो दोन्ही पक्षांना मान्य नव्हता.

"बघा," भाची म्हणाली, "तुमचं कोपर चुकलं."

"तू बाजू बदललीस, सांगितलं नाहीस."

"मैदानावर बाजू आधी ठरलेली असते."

"ठरलेली असते ना? मग ती दोघांत ठरलेली असते. एकट्या क्वार्टरबॅकला भरवशाचा नाही म्हणायचं कारण काय? खो-खोत बघ. पाटीवर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो मिळतो. तो देणाऱ्याकडे बघत नाही, बघूच शकत नाही. खो मिळायच्या आधी उठला तर फाउल. देणाऱ्यानं नुसतं तोंडानं खो म्हटलं आणि हात पाठीला नंतर लागला, तरी फाउल. म्हणजे नियमांनीच दोघांना बांधून टाकलंय. आम्ही तासन्‌तास पळण्याचा नाही, नुसता खो देण्या-घेण्याचा सराव करायचो. एकदा का देणारा-घेणारा जमले की धावक कितीही हुलकावण्या देऊ दे, त्याचं काही चालायचं नाही."

इथे मामा थोडे वाहवले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली खो-खोचे नियम पहिल्यांदा कसे बसवले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोघांनी नेपाळला कसं हरवलं, दोन्ही संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे महाराष्ट्राचेच कसे, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. भाचीला ते पाठ आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं.

"मामा, खो चुकला तर काय होतं? पंच शिट्टी वाजवतो, चुकीची भरपाई करून घेतो, खेळ पुढे. तुमचा पडलेला खो उचलून समोरचा संघ पळत सुटत नाही. इथे पळतो. म्हणून बॉल ज्याच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येतो त्याच्यावर सगळी जबाबदारी. सेंटर सोडला तर प्रत्येक चालीत बॉलला हात लावणारा माणूस एकच."

"सेंटर सोडला तर म्हणालीस, ते बरं केलंस. पिसारचिकची गोष्ट तूच सांगितली होतीस ना? परत सांग. यांनी ऐकलेली नाही."

"यांनी" म्हणजे मी. भाची हसली. ही गोष्ट तिच्या बाजूची आहे असं तिला वाटतं, आणि मामांना ती त्यांच्या बाजूची वाटते.

१९ नोव्हेंबर १९७८. न्यू यॉर्क जायंट्सच्या घरच्या मैदानावर पाहुणे फिलाडेल्फिया ईगल्स. जायंट्स १७-१२ नं पुढे, बॉल त्यांच्याकडे, घड्याळात साधारण अर्धं मिनिट उरलेलं, आणि खेळ थांबवायला ईगल्सकडे एकही टाइमआउट नाही. आज असं झालं तर क्वार्टरबॅक बॉल घेतो, एक गुडघा टेकतो आणि सामना संपतो. त्या काळी गुडघा टेकून वेळ काढणं भेकडपणाचं, खिलाडूवृत्तीला न शोभणारं समजलं जायचं. जायंट्सचा क्वार्टरबॅक जो पिसारचिक थोडं आधी बॉल घेऊन जमिनीवर पडला होता, तेव्हा ईगल्सचे गडी चिडून अंगावर आले होते. त्यामुळे आक्रमणाचे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांनी बाहेरून साधी चाल पाठवली: लॅरी झॉन्काच्या हातात बॉल द्या. घोळक्यात उभे असलेले गडी नको नको म्हणत होते. झॉन्कालाही तो बॉल नको होता. पिसारचिकनं ऐकलं नाही, कारण आदल्याच आठवड्यात आलेली चाल बदलली म्हणून त्याची खरडपट्टी निघाली होती. स्नॅप आला तेव्हा तो पुरता तयार नव्हता. बॉल हातात नीट बसला नाही. तसाच वळून त्यानं तो झॉन्काला द्यायचा प्रयत्न केला, बॉल झॉन्काच्या कमरेवर आपटला, जमिनीवर पडून उसळला आणि ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सच्या हातात गेला. एडवर्ड्स २६ यार्ड पळून शेवटच्या रेषेपलीकडे गेला, टचडाउन. ईगल्स १९-१७ नं जिंकले. दुसऱ्या दिवशी गिब्सन यांची नोकरी गेली. ईगल्स त्या वर्षी १९६० नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. आणि शेवटच्या मिनिटात गुडघा टेकून सामना संपवण्याची जी पद्धत आज सगळे संघ वापरतात, तिची रीतसर मांडणी या सामन्यानंतर झाली.

"आता सांगा," मामा माझ्याकडे वळले. "चूक कुणाची? सेंटरनं लवकर दिला. साहेबानं भलती चाल पाठवली. घेणाऱ्याला नको होता. पण नाव कुणाचं? पिसारचिकचं."

"कारण तो नाही म्हणू शकत होता," भाची म्हणाली. "भरवशाचा क्वार्टरबॅक म्हणजे नुसते मजबूत हात नाहीत, मामा. अशा वेळी खाली बसायचं कळणं म्हणजे भरवसा. सगळा संघ सांगतोय की बाबा, गुडघा टेक. टेकायचा! मग काय करायचं ते करू देत साहेबाला."

मामा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू इथे आलीस ती डिग्री घेऊन. तुला आज काढलं तर उद्या दुसरी नोकरी मिळेल. मी आलो तेव्हा व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, बुर दुबईला एका खोलीत आम्ही दहा-बारा जण. साहेबानं सांगितलं माल या रॅकवर लाव, तर लावायचा. मला दिसतंय की रॅक वाकलाय. एकदा सांगितलं, ओरडा खाल्ला. दुसऱ्यांदा नाही सांगितलं. रॅक पडला तेव्हा रजिस्टरमध्ये नाव माझंच लागलं, कारण शेवटचा हात माझा. त्या पिसारचिकला मी ओळखतो."

यावर भाचीकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि तिनं उसनं आणलंही नाही. मला स्वतःला वाटतं की मामांच्या सगळ्या मुद्द्यांत हा सर्वांत भक्कम होता, खेळाचा मुद्दा म्हणूनही. ज्याला नकार द्यायची मुभा नाही त्याच्या निर्णयशक्तीची परीक्षा घ्यायची आणि वर त्याला नापास करायचं, हा प्रकार आखातात पुष्कळांनी पाहिला आहे. पण भाची म्हणते तेही खोटं नाही. त्या अर्ध्या मिनिटात बॉल पिसारचिकच्याच हातात येणार होता. बाहेर उभा असलेला प्रशिक्षक आत येऊन त्याचे गुडघे धरून ठेवणार नव्हता.

"बरं, पगाराचं बोलू," भाची म्हणाली. "डॅलसनं २०२४ मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सहा कोटी डॉलर देऊन ठेवलं. पुढच्या वर्षी आमच्या सेक्वॉन बार्कलीला वर्षाला दोन कोटी सहा लाख मिळाले, तर रनिंग बॅकला एवढे पैसे कुणी दिलेच नव्हते म्हणून गाजावाजा झाला. तिप्पट पैसे घेणाऱ्यानं दोष घ्यायचा नाही तर कुणी?"

"आमच्याकडे उलटं असतं," मामा म्हणाले. "पण ते जाऊ दे. बार्कलीचं नाव काढलंस. २०२४ च्या हंगामात किती वेळा बॉल घेऊन पळाला तो?"

"३४५ वेळा. २००५ यार्ड."

"त्यातले जवळजवळ सगळे हँडऑफ. एकतरी आठवतो का तुला? धाव आठवते. मागे उडी मारून माणसाच्या डोक्यावरून गेला ती आठवते. बॉल पोटात गेला तो क्षण आठवतो? नाही आठवत. तंत्र बरोबर असलं की ते दिसत नाही. आणि तुम्ही भरवसा मोजता तो न दिसणाऱ्यावरून नाही, पडलेल्यावरून."

"बरोबर, मग मोजू या पूर्ण. क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह. १९९२ ते २०१० सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळला. बोट मोडलं, घोटा दुखावला, वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात. भरवशाचा ना?"

"यालाच म्हणतात भरवशाचा."

"सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त फंबलही त्याचेच, १६६. आणि समोरच्यांच्या हातात फेकलेले सगळ्यात जास्त पासही त्याचेच, ३३६."

मामा खुश होऊन टाळी वाजवणार होते, मग थबकले. हा आकडा नेमका कुणाच्या बाजूनं बोलतो हे त्यांना चटकन ठरवता येईना. मलाही आलं नाही. जो सर्वांत जास्त वेळा हजर असतो त्याच्या हातून सर्वांत जास्त वेळा पडणार, हा एक अर्थ. रोज येतो म्हणून त्याच्या धसमुसळेपणाकडे काणाडोळा झाला, हा दुसरा. फार्व्हचे सामने पाहिलेले लोक दोन्ही अर्थ एकाच दमात सांगतात म्हणे.

"तुझ्या हर्ट्सचं सांगू?" मामांनी दिशा बदलली. भाचीचा चेहरा पडला. जेलन हर्ट्स हा ईगल्सचा क्वार्टरबॅक, आणि २०२३ च्या फेब्रुवारीतला सुपर बोल हा तिच्या घरात जपून काढायचा विषय. कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध, कुणी हात लावलेला नसताना हर्ट्सच्या हातून बॉल सुटला; निक बोल्टननं तो उचलला आणि ३६ यार्ड पळून टचडाउन केला. ईगल्स ३५-३८ नं हरले.

"त्या एका बॉलचे सात गुण," मामा म्हणाले. "हरलात तीन गुणांनी. आणि इथे घेणाराही नव्हता कुणी. सगळा एकट्याचा कारभार."

"त्याच सामन्यात त्यानं ३०४ यार्ड पास फेकले आणि स्वतः पळून तीन टचडाउन केले!"

"म्हणजे पडलेल्या बॉलवरून माणूस जोखायचा नाही, असंच ना?"

"आणि दोन वर्षांनी, त्याच चीफ्सना ४०-२२," तिनं प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवून सांगितलं. "सामनावीर हर्ट्स. आता बोला."

"मी काय बोलू? तूच माझं बोलतेयस."

मामी करकचा दुसरा कप घेऊन आल्या. गालिच्याचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त कप उशीपासून लांब ठेवला.

मग मामांनी जे काढलं ते कधीतरी येणार हे मी धरूनच होतो. शारजात राहणारा मराठी माणूस खेळाच्या कुठल्याही वादात शेवटी तिथेच पोचतो. शारजाचं क्रिकेट स्टेडियम इथून जवळ आहे, अल नहदातून बाहेर पडायला लागणारा वेळ धरला नाही तर. १८ एप्रिल १९८६, ऑस्ट्रल-एशिया चषकाचा अंतिम सामना, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला हव्या होत्या चार धावा. चेतन शर्माचा यॉर्कर टाकायचा बेत फसला, चेंडू फुलटॉस पडला आणि जावेद मियांदादनं षटकार मारला.

"त्याच शेवटच्या षटकात त्यानं झुल्करनैनची दांडी उडवली होती," मामा म्हणाले. "कुणाला आठवतं? मियांदादनं त्या दिवशी नाबाद ११६ केल्या, त्यातल्या बाकीच्या ११० काही एकट्या चेतननं दिल्या नव्हत्या ना? पण बिल चेतनच्या नावावर. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, आपल्या नागपुरात त्यानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. न्यूझीलंडचे तिघे, तिघंही त्रिफळाचीत. तरी आजही चेतन शर्मा म्हटलं की लोक शारजाच म्हणतात."

"पण मामा, तो चेंडू त्यानंच टाकला होता. तिथे देणारा-घेणारा नव्हता. एकट्यानं टाकला, एकट्याच्या नावावर. ते मला मान्य आहे. तुमचं दुःख वेगळं आहे. एका चेंडूवरून सबंध माणूस ठरवला, हे तुम्हाला खुपतं. ते मलाही खुपतं. पण म्हणून तो चेंडू त्याचा नव्हताच असं कसं म्हणता?"

हा तिचा चांगला फटका होता. मामा दोन गोष्टी एकत्र करत होते: चूक कुणाची, आणि त्या चुकीचं ओझं किती काळ कुणी वाहायचं. भाचीनं त्या वेगळ्या केल्या. पहिल्या प्रश्नात ती कडक आहे, दुसऱ्यात मऊ. मामांचं बरोबर उलटं. चूक वाटून घ्यायला ते तयार आहेत, पण स्वतःच्या खो-खोच्या दिवसांतली कुणाची एखादी चूक अजून सोडायला तयार नाहीत, हे मला त्यांच्या इतर गोष्टींवरून माहीत आहे.

थोडा वेळ २०१५ च्या सुपर बोलवर गेला. तो वाद जगभर चघळून झाला आहे, म्हणून लांबवत नाही. सिएटल टचडाउनपासून एका यार्डावर, २६ सेकंद बाकी, मार्शॉन लिंचसारखा दणकट रनिंग बॅक हाताशी, आणि तरी रसेल विल्सननं पास फेकला. माल्कम बटलरनं तो मधेच पकडला आणि न्यू इंग्लंड २८-२४ नं जिंकलं. मामांचं म्हणणं, हातात द्यायचं सोडून फेकायला गेले तिथेच फसले. भाचीनं घड्याळाचं गणित मांडलं: टाइमआउट एकच उरलेला, पळण्याची चाल फसली तर घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला तर थांबतं, म्हणून तीन प्रयत्न पदरात पाडायचे तर एकदा फेकणं शहाणपणाचंच होतं. गणित पटलं. लिंच पटला नाही तो नाहीच.

नवा मुद्दा निघाला तो झोन रीडवर, आणि माझ्या मते सगळ्या रात्रीतला खरा खेळ तिथे होता. या चालीत क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या पोटात बॉल ठेवतो, पण सोडत नाही. दोघं पाऊल-दोन पावलं बॉलसकट बरोबर जातात. क्वार्टरबॅकची नजर समोरच्या टोकाच्या बचावपटूवर, ज्याला मुद्दाम कुणी अडवलेलं नसतं. तो आत घुसला की क्वार्टरबॅक बॉल ओढून घेतो आणि बाहेरून स्वतः पळतो. तो बाहेरच थांबला की बॉल सोडून देतो. निर्णय होईपर्यंत बॉलवर दोघांचे हात.

भाचीनं पुन्हा उशी घेतली. मामांच्या पोटात ठेवली आणि दाबून धरली.

"आता ओढू नका. आणि सैलही सोडू नका."

"मग करू काय?"

"हात ठेवायचे, मिटायचे नाहीत. माझी पकड सुटली की घट्ट. मी ओढली तर जाऊ द्यायची."

मामींना बचावपटू केलं. मामी स्वयंपाकघराच्या दारातून कधी आत यायच्या, कधी नुसता पाय पुढे टाकून मागे. दोन-चार वेळा उशी मामांकडे राहिली, एकदा भाचीनं ओढून घेतली. मग मामी अर्धवट आल्या आणि थांबल्या. भाचीला ठरवता येईना, मामांनी मिटलं, तिनं ओढलं, आणि उशीची खोळ फाटली.

"ही कुणाची?" मामींनी विचारलं.

"माझी," भाची म्हणाली. "मी उशीर केला. शंका आली तर देऊन टाकायचं, असा नियमच असतो."

"नाही, माझी," मामा म्हणाले. "तुझी पकड सुटली नव्हती. मी घाई केली."

इथे दोघांनी एकमेकांच्या बाजू घेतल्या होत्या आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी बोललो नाही. वाद रंगात असताना पंच व्हायला गेलं की दोन्हीकडून बोलणी बसतात.

खोळ शिवायला घेऊन मामी बसल्या. मामांनी विचारलं, हे सगळं इथे कुणी प्रत्यक्ष खेळतं का? खेळतात. अमिरातीत अमेरिकन फुटबॉलची लीग २०१२ पासून उभी राहिली, दुबईत, अबू धाबीत संघ झाले, अंतिम सामन्याला डेझर्ट बोल म्हणतात. भारतातही त्याच वर्षी एक व्यावसायिक लीग निघाली होती. सामने झाले कोलंबोला, आणि पहिलं विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचं नाव होतं पुणे मराठाज. हे ऐकून मामांनी अशी मान डोलावली की जणू त्यांना ते ठाऊकच होतं.

भाची स्वतः शनिवारी संध्याकाळी फ्लॅग फुटबॉल खेळते. पाच-पाच जण, अंगावर जायचं नाही, कमरेला लावलेली पट्टी ओढली की चाल तिथेच संपते. हाच प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये असणार आहे. ऑलिम्पिक समितीनं त्याला मंजुरी दिली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात, क्रिकेटबरोबरच.

"तुमच्यात हँडऑफ असतो?" मामांनी विचारलं.

"असतो. येत्या शनिवारपासून मीच क्वार्टरबॅक आहे."

"आणि पडला तर?"

"पडला की चाल संपली. जमिनीला लागला की बॉल मेला. कुणी उचलून पळायचं नाही. पुढची चाल."

"म्हणजे फंबल नाहीच?"

"नाहीच. किती बरं वाटतं माहितीये? नव्या मुली हात पुढे करायला घाबरत नाहीत."

मामा अस्वस्थ झाले. बॉल पडतो, आणि त्याचं काहीच होत नाही, ही कल्पना त्यांना रुचेना.

"आणि कुणाच्या हातून पडला ते लिहून ठेवत नाही कुणी?"

"शनिवारी संध्याकाळी हौसेनं खेळतो आम्ही मामा, लिहितंय कोण!"

"असं कसं? लिहिलं पाहिजे. न लिहिता सुधारणार कशा तुम्ही?"

"दोन तास तुम्ही मला सांगताय की एकाच्या नावावर लिहू नका म्हणून!"

"एकाच्या नको म्हणालो," मामा म्हणाले. "दोघींची लिहा. वही मी आणतो शनिवारी."